आठ मात्रांची तान: मिरजेतल्या एका गायनवर्गाचं प्रकरण

मुलीनं तान चोख घेतली. सूर जागेवर, दाणा स्वच्छ, शेवटचा सा नेमका आठव्या मात्रेला. अडचण एवढीच होती, की बाईंनी तान पाचव्या मात्रेपासून उचलायला सांगितली होती.

ज्यांचा तालाशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं उलगडून सांगतो. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणजे सोळा ठोक्यांचा; त्यातली पहिली मात्रा ती सम. बंदिश, म्हणजे बांधलेली चीज, यमन रागातली; मुखडा, म्हणजे तिची फिरून फिरून येणारी पहिली ओळ, नवव्या मात्रेपासून, म्हणजे जिथं टाळी न देता हात उघडा टाकतात त्या 'खाली'पासून उठणारा. समेपासून आठ मात्रा तान (स्वरांची भराभर घेतलेली लड) घ्यायची आणि नवव्या मात्रेला मुखडा पकडायचा, ही नेहमीची सोय. मुलीची तान अशी होती: निरे गम धनि सांरें, सांनि धप मग रेसा. मात्रेला दोन स्वर, आठ मात्रांत सोळा. (मध्यम अर्थातच तीव्र.) हीच तान पाचव्या मात्रेपासून घ्यायची तर हातात चारच मात्रा उरतात. मग पहिला अर्धा भाग सोडून द्यायचा, वरच्या षड्जापासून (सा) थेट खाली यायचं, सांनि धप मग रेसा, की लगेच मुखडा. दोन-तीन वर्षं गाणं शिकलेल्या पोराला हे बहुधा सांगावं लागत नाही, सुचतं. हिला सांगूनही जमेना. ती पाचव्या मात्रेलाही 'निरे'पासूनच निघायची आणि तान पुरी करायची. तोवर बारावी मात्रा संपलेली, मुखडा केव्हाच हुकलेला. मग ती थांबायची, डोळे मिटायची आणि व्हिडिओ बोटानं मागं ओढावा तशी पुन्हा पहिल्या स्वरावर जायची.

तबल्यावर मी होतो. दिवसा मी शाळेत शिकवतो, संध्याकाळी आणि रविवारी या वर्गात साथीला बसतो. त्यामुळे या प्रकरणात मी साक्षीदारही आहे आणि थोडाफार पक्षकारही. मुलीचं, बाईंचं आणि वर्गाचं नाव इथं देत नाही; त्यानं काही अडत नाही.

वर्ग

मिरजेत गाण्याचा वर्ग चालवायचा म्हणजे गावाच्या नावाचं ओझं आपोआप डोक्यावर येतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि इथं शिष्य घडवले. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्यापाशी इथंच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथं स्थायिक झाले, १९३७ मध्ये गेले, आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसाला त्यांच्या नावानं तिथं गाणं-बजावणं होतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देशभर मुलं देतात, त्या मंडळाचं गांधर्व निकेतनही इथलंच, ब्राह्मणपुरीतलं.

वर्गात येणाऱ्या मुलांना यातलं फारसं काही ठाऊक नसतं, आणि त्यात वावगं काही नाही. निम्म्याहून जास्त मुलं येतात ती दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. काहींच्या घरी भजनाची परंपरा असते. काही टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा बघून येतात. ही मुलगी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका गावची. वडिलांची द्राक्षबाग, आई अंगणवाडीत. घरात गाणं कुणाचंच नाही. आवाज मात्र असा, की पहिल्या दिवशी बाईंनी पेटी बंद करून नुसतंच ऐकलं होतं.

बाई जुन्या पद्धतीनं शिकलेल्या. समोर बसायचं, त्या म्हणतील तसं म्हणायचं. वही नाही. वही हवीच असेल तर घरी जाऊन आठवून लिहायची.

बंद दाराआड

मग मार्च २०२० आला. सांगली जिल्ह्यात कडकपणा जरा लवकरच सुरू झाला, कारण इस्लामपुरात एकाच घरातले बरेच रुग्ण सापडले होते. वर्गाला कुलूप लागलं. महिनाभर वाट बघून बाईंनी झूम घेतलं.

झूमवर गाणं शिकवून बघितलेल्या कुणालाही पुढची गंमत माहीत असेल. बाई तंबोरा लावून बसायच्या आणि पलीकडच्या मुलांना तंबोरा ऐकूच यायचा नाही. ॲपला बोलणं ऐकवायचं असतं. सतत एकसुरी येणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर मिक्सर, असं समजून ते तो गाळून टाकतं. तंबोऱ्याचं तर कामच सतत वाजत राहण्याचं! बाई गायला लागल्या की दोन क्षण तंबोरा डोकवायचा आणि पुन्हा गायब. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय असते हे एका विद्यार्थिनीच्या इंजिनिअर भावानं दाखवलं, तेव्हा कुठं पहिल्यांदा सगळ्यांना षड्ज मिळाला.

दुसरी अडचण कुठल्या सेटिंगनं सुटणारी नव्हती. आवाज इथून तिथं जायला वेळ लागतो. आमच्या नेटवर्कला कधी पाव सेकंद, कधी त्याहून जास्त. मिनिटाला १२० मात्रांची मध्यलय धरली तर मात्रा अर्ध्या सेकंदाची. पाव सेकंद म्हणजे अर्धी मात्रा. मी इथं धा वाजवला की तिथं पोराला तो अर्धी मात्रा उशिरा पोचणार, तो त्यावर गाणार, ते मला आणखी अर्धी मात्रा उशिरा ऐकू येणार. एकत्र गाणं-वाजवणं शक्यच नव्हतं. मग मुलांनी आवाज बंद ठेवून बाईंच्या मागं म्हणायचं आणि बाईंनी ते ऐकायचंच नाही, असा विचित्र प्रकार सुरू झाला.

त्यातून क्लिपा आल्या. बाई बंदिशीची एक ओळ, एखादा आलाप, असं मोबाईलवर रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकायच्या. मुलं पाठ करून स्वतःचं रेकॉर्डिंग परत पाठवायची. बाई ऐकून 'गंधार उतरला', 'पुन्हा' एवढंच लिहायच्या. गाडी चांगली चालली. कोरोना सरला, वर्ग भरायला लागला, पण क्लिपा राहिल्या. लांबच्या गावच्या मुलांना त्या फारच सोयीच्या होत्या. ही मुलगी त्या काळातच वर्गाला लागली होती, आणि नंतरही ती फक्त रविवारी यायची, तेही एसटी मिळाली तर. तिचं खरं शिक्षण मोबाईलवरच चालू होतं. बाईंच्या क्लिपांना तिनं स्वतःहून यूट्यूबची जोड दिली. एका गायिकेचा यमनचा व्हिडिओ तिनं तोंडपाठ केला. ती आठ मात्रांची तान त्यातलीच.

इथं व्हिडिओच्या बाजूनं जे आहे ते सांगितलं पाहिजे, कारण गाण्याच्या क्षेत्रात मोबाईलला नावं ठेवणं फार सोपं झालंय. यूट्यूबवर वेग निम्मा करता येतो आणि स्वर मात्र तोच राहतो. द्रुत तानेतला कण, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये लागलेला पुसटसा तिसरा स्वर, या मुलीनं असा सावकाश करून ऐकला होता. कुठला गुरू आपली तान निम्म्या लयीत, तशीच्या तशी, म्हणाल तितक्या वेळा गाऊन दाखवेल? तिच्या गळ्याची तयारी तिच्या वयाच्या कुठल्याही मुलीपेक्षा पुढं होती. द्राक्षाच्या बागेत बसून, एसटीची वाट न बघता, तिनं ती कमावली होती. वीस वर्षांपूर्वी याच गावातल्या याच आवाजाच्या मुलीला हळदीतल्या गाण्यांपलीकडं काही मिळालं नसतं.

समोर बसल्यावर

नववीत गेल्यावर ती नियमित यायला लागली, परीक्षा जवळ आली म्हणून. तेव्हा एकेक गोष्ट दिसू लागली.

पहिली बाब षड्जाची. बाईंनी तंबोरा काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावला. अस्थाई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, नीट झाली. तान सुरू झाली आणि मुलगी सरळ काळी पाचमध्ये गेली. तंबोरा खाली, तान वर, आणि तिला त्याचं काहीच नाही. व्हिडिओतल्या गायिकेची पट्टी काळी पाच होती. अस्थाई बाईंच्या पट्टीत पाठ, तान त्या गायिकेच्या पट्टीत पाठ. तिचा स्वतःचा सा असा कुठला नव्हताच.

दुसरी, अंतऱ्यातल्या, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागातल्या, श्वासाची. दुसऱ्या ओळीत, शब्दाच्या ऐन मध्यात, ती श्वास घ्यायची. बाईंना कळेना असं का. मग त्यांनी आपलीच जुनी क्लिप लावली. त्या दिवशी त्यांना सर्दी होती, दम पुरला नव्हता, शब्द तोडून श्वास घेतला होता. मुलीनं तोही पाठ केला होता.

तिसरी गोष्ट बघून मी आधी हसलो. तानेत वरच्या षड्जाच्या जरा आधी ती डाव्या हातानं कानामागं केस सारायची. तिच्या तर दोन घट्ट वेण्या, कानाशी एक बट सुटलेली नाही. बाईंनी तो व्हिडिओ शोधून काढला. नेमक्या त्याच जागी गायिकेच्या गालावर बट येते आणि ती हातानं मागं सारते.

आणि चौथी, ती पाचव्या मात्रेची.

निदान

वडील एका रविवारी बोलायला आले. त्यांचं म्हणणं, पोरगी घाबरते. "घरात म्हणती तवा एकदम बरोबर म्हणती की ओ बाई. हितं आल्यावरच कसं काय चुकतंय?" प्रश्न रास्त होता. बाईंनी लगेच पडताळा घेतला. सगळ्या मुलांसमोर, वडिलांसमोर, स्पीकरवर तो व्हिडिओ लावला आणि तिला बरोबर गायला सांगितलं. मुलगी न बिचकता गायली, अगदी त्या गायिकेच्या आवाजाला आवाज लावून. व्हिडिओ बंद केला, मी त्याच लयीत ठेका धरला, तरी बरोबर. मग बाईंनी मला डोळ्यानं खूण केली आणि मी लय जराशी चढवली, फार नाही, मैफलीत सहज चढते तेवढीच. तान कोसळली. घाबरणारं पोर आधीच कोसळलं असतं.

तबलजीला पहिला संशय तालाचा येतो. मी तिला टाळी-खाली धरून तीनताल म्हणायला लावला, मध्येच थांबवून 'ही कितवी मात्रा?' असं विचारलं. एकदाही चुकली नाही. ताल तिला येत होता. तान येत होती. ताल आणि तान एकमेकांशी बोलत नव्हती.

गावातले एक ज्येष्ठ गवई वर्गात अधूनमधून येतात. त्यांचा निकाल तयार होता: मोबाईल काढून घ्या. हे मत एकट्या त्यांचं नाही. आमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचा पायंडा पाडला आणि त्याची चर्चा देशाबाहेर गेली. मुलं त्या वेळात अभ्यासाला बसावीत हा त्यामागचा हेतू, आणि तिथं तो उपाय लागूही पडला. पण इथं मोबाईल अभ्यासाच्या आड येत नव्हता. मोबाईलवर चालला होता तो अभ्यासच होता, आणि घोळ त्या अभ्यासाच्या रीतीत होता.

शिवाय वर्गात एक उलटं उदाहरण बसलेलंच होतं. मिरज पूर्व भागातल्या एका गावचा मुलगा, आठवीतला. आवाज खरखरीत, सूर कधी वर कधी खाली, मोबाईलवर गेम खेळण्यात हिच्यापेक्षा चार पावलं पुढं. क्लिपा त्यालाही जायच्या, तो त्या ऐकायचाच नाही. पण कोरोनाची बंधनं उठल्यापासून दर एकादशीला आजोबांबरोबर भजनात टाळ घेऊन उभा. बाईंनी त्याला तीच तान दिली. कच्चीच आली. 'आता पाचवीपासून घे' म्हणाल्या. त्यानं मधले बरेच स्वर गाळले, एक भलताच घातला आणि नवव्या मात्रेला बरोबर मुखड्यावर येऊन उभा राहिला. कसं केलंस विचारलं तर म्हणाला, "आलो की."

भजनात काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही. विणेकरी रंगात आला की तेच चरण चारदा घेतो, मध्येच दुसऱ्या अभंगाची ओळ आणतो, पखवाजवाला लय चढवतो, मागचे सगळे धावतात. कुठली ओळ किती वेळा येणार हे कुणालाच माहीत नसतं. पण सगळे मिळून धृपदावर यायचंच असतं. त्या पोराला कुणी काही शिकवलं नव्हतं; एकच गोष्ट दर वेळी जरा वेगळी होताना त्यानं ऐकली होती.

बाईंचं निदान त्यावरून पक्कं झालं. मुलगी तान शिकलेलीच नव्हती, ती एक रेकॉर्डिंग शिकली होती. समोर बसून शिकवताना बाई एक पलटा दहा वेळा म्हणतात आणि दहाही वेळा तो थोडा वेगळा येतो. कधी गंधारावर जरा जास्त थांबतात, कधी लय ओढतात, कधी पोराची चूक ऐकून मुद्दाम तीच जागा ठासून घेतात. शिकणाऱ्याला कळतं, की यात एवढं हलतं आणि एवढं हलत नाही. क्लिपेत काहीच हलत नाही. शंभरदा ऐकली तर शंभरदा तीच सर्दी.

१९७८ मध्ये केर आणि बूथ या संशोधकांनी केलेला एक साधा प्रयोग शिक्षणशास्त्रात फार सांगितला जातो. लहान मुलांना दाणे भरलेली पिशवी नेमक्या जागी टाकायला शिकवायचं. आठ वर्षांच्या मुलांतल्या एका गटानं तीन फुटांवरूनच सराव केला, दुसऱ्यानं दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवरून घेतली, तर ज्यांनी त्या अंतरावरून सराव केलाच नव्हता ती मुलं सरस ठरली. तान म्हणजे पिशवी नव्हे, आणि एका प्रयोगावरून गाणं कसं शिकवावं हे ठरवायला मी तयार नाही. पण मुलीकडं बघताना तो प्रयोग सारखा आठवत होता.

मिरजेला हे नवीन नाही

रेकॉर्डवरून गाणं शिकता येतं का हा वाद इथं शंभर वर्षं जुना आहे. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वरलिपीची छापील पुस्तकं विद्यार्थ्यांच्या हातात दिली. शेजारच्या कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ यांनी उलट आपल्या गाण्याची एकही तबकडी बाजारात येऊ दिली नाही. आणि अब्दुल करीम खाँ यांनी तबकड्या दिल्या. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी ऐकून गदगकडचा अकरा वर्षांचा भीमसेन जोशी १९३३ मध्ये घरातून पळाला.

ही गोष्ट हल्ली 'बघा, रेकॉर्ड ऐकूनच मोठे झाले' म्हणून सांगतात. ती मला नेहमी अर्धवट वाटते. तबकडी ऐकून तो पळाला तो गुरू शोधायला. ग्वाल्हेर, जालंधर असं कुठं कुठं भटकला आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारात उभा राहिला. सवाई गंधर्व कोण, तर अब्दुल करीम खाँचेच शिष्य. ज्या गळ्याची तबकडी ऐकली, त्याच गळ्याखाली तयार झालेल्या जिवंत माणसासमोर जाऊन तो बसला. तबकडीनं ओढ लावली, पण तिला प्रश्न विचारता येत नव्हता, आणि तिच्याकडून शिव्याही खाता येत नव्हत्या.

तबकडीनं गाण्याचा आकारही बदलला. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसवताना आलाप आखडायचा आणि ताना पुढं यायच्या. ऐकणाऱ्या पिढीला तेच गाणं वाटू लागायचं. गंमत अशी, की यूट्यूबनं शॉर्ट्सची मर्यादा २०२४ मध्ये साठ सेकंदांवरून तीन मिनिटांवर नेली. फिरून फिरून तबकडीच्या एका बाजूएवढीच! आमच्या वर्गातल्या मुलांचा यमन याच मापाचा आहे. त्यांना तान हवी असते, तीही लवकर. नुसत्या 'नि रे ग'वर दहा मिनिटं बसायला सांगितलं, की त्यांना बाई वेळ काढतायत असं वाटतं.

बाईंनी काय बदललं

क्लिपा बंद केल्या नाहीत. बंद करून लांबच्या मुलांचं नुकसानच झालं असतं. पण क्लिप बनवायची रीत बदलली.

आता त्या एक ओळ तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी गाऊन पाठवतात. त्यातली कुठली बरोबर, ते सांगत नाहीत. मुलांनी चौथी पाठवायची. तिन्हींपैकी एकीची हुबेहूब नक्कल आली तर 'ही माझी झाली, तुझी पाठव' एवढंच उत्तर जातं. सुरुवातीला मुलं गांगरली. दोघांनी तर बाईंची क्लिपच चुकून परत पाठवलीय की काय असं वाटावं इतकी तंतोतंत पाठवली होती. तीही परत गेली.

दुसरा बदल मला सगळ्यात आवडला. व्हॉट्सॲपवर २०२३ च्या शेवटापासून एकदाच ऐकता येणारा आवाजी निरोप पाठवता येतो. ऐकला की संपला. बाई आलाप आता तसे पाठवतात. शांत बसायचं, तंबोरा लावायचा, एकदा ऐकायचं आणि जे उरलं ते म्हणून पाठवायचं. जे सुटलं ते सुटलं, रविवारी बघू. ज्या सोयीनं गाणं गोठवलं होतं, तिच्याच पोटातली दुसरी सोय वापरून बाईंनी आपल्या लहानपणची शिकवणी परत उभी केली. त्या म्हणतात, "आमचे बुवा एकदाच म्हणायचे. दुसऱ्यांदा विचारलं की तंबोरा खाली ठेवायचे."

यूट्यूबही काढलं नाही, वाढवलं. मुलीला एकाऐवजी चार गवयांचा यमन ऐकायला दिला, वेगवेगळ्या घराण्यांचे, दोन जुने, दोन आजचे. चौघांतही काय सारखं आहे आणि काय कुणा एकाचंच आहे, ते वहीत लिहायचं. (वही! बाईंनी वही मागितली हे ऐकून जुने विद्यार्थी अजून हसतात.) पहिल्या आठवड्यात तिनं लिहून आणलं: "सगळे नि वरून रे कडे जातात. सा ला लगेच जात नाहीत." यमनचं अर्धं व्याकरण तिनं असं स्वतःच्या कानानं काढलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग हाच आहे. एक व्हिडिओ पाठ करणं ही एक गोष्ट आणि चार व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवून ऐकणं ही अगदी वेगळी. दुसरी सोय बाळकृष्णबुवांच्या शिष्यांना स्वप्नातही नव्हती. एका घराण्याचा गवई दुसऱ्याचं ऐकायला मिळावं म्हणून काय काय करायचा याचे किस्से इथं अजून सांगितले जातात.

षड्जासाठी मात्र यंत्राचा उपयोग झाला नाही. ॲपमधला तंबोरा पट्टी निवडली की वाजतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. बाईंनी तिला खरा तंबोरा लावायला बसवलं. मिरजेत हे सोपं. तंतुवाद्य बनवणाऱ्या कारागिरांची अख्खी वस्ती इथं आहे, शिकलगार घराण्यांनी हत्यारं सोडून वाद्यं हातात घेतली तेव्हापासूनची, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. खुंटी पिळायची, तार छेडायची, ऐकायचं, घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढायची. आधी बोटं सुजली. मग एका रविवारी तंबोरा काळी चारला लागला आणि तान काळी चारमध्येच झाली. बाईंनी काही न बोलता पुढची ओळ घेतली.

सध्या

यमनमध्ये मुलगी आता तान कुठूनही उचलते. मी लय चढवली तरी आणि उतरवली तरी येते, कधी एखादा स्वर गाळून, कधी तिथंच घुटमळून. केस सारणं बंद झालंय. भूप सुरू केला तेव्हा पहिले दोन आठवडे पुन्हा तोच प्रकार झाला, म्हणजे हा धडा एका रागातून दुसऱ्यात आपोआप जात नाही. दर रागात तो नव्यानं गिरवावा लागतोय. परीक्षेत ती पहिल्या श्रेणीत पास झाली. त्याचा या प्रकरणाशी फार संबंध मी लावणार नाही, कारण पाठ केलेल्या ताना घेऊनही ती पास झालीच असती. परीक्षकासमोर दिलेला वेळ थोडा असतो, आणि ठरवून आणलेली तान त्या वेळात छान दिसते.

तिचं इन्स्टाग्रामवर खातं आहे. तिथं ती आठवड्याला एक रील टाकते आणि त्यात तीच जुनी, समेपासूनची आठ मात्रांची तान असते, अजून काळी पाचमध्ये. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "बाई, तिथं तेच चालतं. क्लासात वेगळं, रीलला वेगळं." बाईंना ते आवडलं नाही. मला त्यात तिचं शहाणपण दिसलं. कुठलं गाणं कुठं चालतं हे ओळखणं हाही शिकण्याचाच भाग, असं माझं म्हणणं. यावर आमचं दोघांचं अजून जमलेलं नाही.

पालकांचं मात्र वेगळंच दुखणं निघालं. एकदाच ऐकायच्या निरोपांवर वडिलांनी सरळ हरकत घेतली. "फी भरायची आन् एकदाच ऐकायचं व्हय बाई? पोरगी रानात असली, गाडीचा आवाज असला, तर गेलंच की ते." यात तथ्य होतं. आणखी दोन पालकांनी तेच म्हटलं, आणि एकानं मुलाला सांगलीतल्या दुसऱ्या वर्गात घातलं, जिथं सगळे धडे रेकॉर्ड करून देतात. शेवटी ठरलं ते असं: बंदिशीचे शब्द आणि अस्थाई-अंतरा नेहमीच्या क्लिपेत, हवं तितक्या वेळा ऐका, आलाप आणि ताना एकदाच. निरोप पाठवण्याआधी बाई 'बसलीस का?' असं विचारतात, आणि 'बसले' असं उत्तर आल्यावरच पाठवतात. पुढच्या तुकडीला हा नियम प्रवेशाच्या अर्जावरच छापून द्यायचा आहे. मजकूर मी लिहून दिलाय, बाईंनी त्यातला फीचा परिच्छेद दोनदा बदलायला लावला.